काट्यामागची पऱ्हाटी

वऱ्हाडात वाळवंट नाही, हे आधी सांगून टाकतो. कारण निवडुंगाचे फोटो काढायचे म्हटलं की ‘मग राजस्थानला जा’ हा सल्ला ठरलेला असतो. गंमत अशी, की थरच्या वाळवंटातही मूळचा म्हणावा असा एकही कॅक्टस नाही. तिथल्या खडकाळ टेकड्यांवर जो काटेरी, झुपकेदार थोर उभा असतो तो युफोर्बियाच्या घराण्यातला. त्याची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. खरं कॅक्टसचं कूळ अमेरिका खंडातलं. त्याला अपवाद एकच, झाडांवरून लोंबणारी ऱ्हिप्सॅलिस बॅक्सिफेरा. ती आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आढळते. तेव्हा महाराष्ट्रात जो खरा कॅक्टस भेटेल तो कुणीतरी समुद्रापलीकडून आणलेला, किंवा अशा आणलेल्याचा वंशज.

असा एक वंशज गुरुकुंज मोझरीच्या शिवारात बघायचा असतो. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की तिवशाच्या अलीकडे मोझरी लागते. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथे आश्रम वसवला, ११ ऑक्टोबर १९६८ ला इथेच देह ठेवला, समाधीही इथेच आहे. महामार्गावरून जाणाऱ्याला आश्रम दिसतो, खंजिरी आठवते, कुणाला ग्रामगीता आठवते. निवडुंग आठवण्याचं कारण नाही. पण महामार्ग सोडून पांदण रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना काळी माती, तीत पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. धुऱ्यावर बाभूळ, बोर आणि मधेच कुठेतरी फड्या निवडुंगाचा गच्च झुडूपगड्डा. माणसाच्या कमरेएवढा, कधी डोक्याएवढा. त्याच्यापुढे कॅमेरा लावून बसलं की पांदणीनं जाणारा कास्तकार थांबतो आणि विचारतो, “काऊन जी, काट्याचा फोटो काढून राह्यले?”

प्रश्न रास्त आहे. काट्याचा फोटो काढायचा म्हणजे नेमका कशाचा काढायचा, हे ठरवणंच या कामात सगळ्यात अवघड.

फड्या निवडुंगाकडे लांबून पाहिलं तर चपटे हिरवे फडे एकमेकांवर रचलेले दिसतात. हे फडे म्हणजे पानं नव्हेत, खोड. पानं म्हणाल तर कोवळ्या फड्यावर, प्रत्येक डोळ्यापाशी, मुगाएवढी निमुळती हिरवी टोकं येतात आणि थोड्या दिवसांत गळून जातात. एवढाच त्यांचा संसार. त्या डोळ्यांतून दोन प्रकारचे काटे निघतात. एक लांब, ताठ, लांबूनही दिसणारे. दुसरे केसांसारखे बारीक, पुंजक्यानं असणारे, टोकाला उलटे दाते असलेले. फोटोग्राफरला छळतात ते हे दुसरे. नुसता कोपर टेकला तरी पंधरा-वीस कातडीत शिरतात आणि चिमट्यात सापडत नाहीत. चिकटपट्टी लावून ओढली तर बरेचसे निघतात. मोझरीच्या धुऱ्यावर बसायचं तर जाड पोतं आणि चिकटपट्टी हे दोन्ही कॅमेऱ्याच्या पिशवीत असलेलं बरं. तिसरी लेन्स नसली तरी चालेल.

आता फोकसचं. पन्नास मिलिमीटरची एफ १.८ लेन्स आज अमरावती-अकोल्यातल्या लग्नाच्या प्रत्येक फोटोग्राफरपाशी असते. खरं तर वऱ्हाडात निवडक फोकस आला तो लग्नाच्या अल्बममधून. आधी स्टुडिओत रंगवलेला पडदा असे, पडद्यावर बाग आणि जिना. मग पडदा गेला आणि नवरीचा चेहरा स्पष्ट, मांडव विरघळलेला, असा फोटो घराघरांत पोचला. हीच लेन्स घेऊन फड्यापासून साठ सेंटिमीटरवर बसा. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एफ १.८ ला स्पष्ट दिसणारी खोली भरते साधारण चौदा मिलिमीटर. फड्याची जाडी दोनेक सेंटिमीटर, पुढे आलेला काटा तीन-चार सेंटिमीटर. म्हणजे काट्याचं टोक पकडलं तर ज्या डोळ्यातून तो काटा निघाला तो डोळा गेला. डोळा पकडला तर टोक गेलं. एफ ८ ला हीच खोली सहा सेंटिमीटरच्या वर जाते आणि काटा बुडापासून टोकापर्यंत येतो.

मॅक्रो लेन्सनं आणखी जवळ गेलं, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटेल इतकं, की हिशेब फारच तंग होतो. तिथे एफ ८ ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर हाती लागतो. शिवाय इतक्या जवळ लेन्सवर लिहिलेल्या आकड्याच्या दोन पायऱ्या कमी प्रकाश आत येतो, म्हणून शटर लांबवावं लागतं. आणि वऱ्हाडात वारा पडलेला असा वेळ सकाळचा तासभरच. अ‍ॅपर्चर फारच बारीक केलं तर प्रकाश कडेला वळून सगळंच किंचित मऊ पडतं. म्हणून जवळ जाणारे एक युक्ती करतात: कॅमेऱ्याची पाठ फड्याच्या सपाटीला समांतर धरायची. फडा चपटा आहे, ही त्याची मेहेरबानी. समांतर धरलं की एका मिलिमीटरच्या पट्टीत शेजारशेजारचे डोळे एकदम बसतात आणि काटे आपापल्या उंचीनं धूसर होत पुढे येतात.

एवढं सगळं माहीत असूनही बहुतेक जण एफ १.८ च वापरतात. का, याचं उत्तर जुनं आहे. १८८९ मध्ये पीटर हेन्री इमर्सन या इंग्लिश डॉक्टरनं विद्यार्थ्यांसाठी फोटोग्राफीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याचा आग्रह असा, की माणसाचा डोळा एका वेळी एकच जागा नीट पाहतो आणि बाकीचं त्याला मऊ दिसतं; फोटोही तसाच असावा, मुख्य विषयावर फोकस आणि बाकी किंचित सैल. किंचित, हा शब्द त्याच्या बाबतीत महत्त्वाचा, कारण सगळं पुसून टाका असं त्याचं म्हणणं कधीच नव्हतं. इमर्सन जन्मला क्युबात, म्हणजे निवडुंगाच्याच मुलखात. त्याचे नावाजलेले फोटो मात्र इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या पाणथळीतले. पुढच्याच वर्षी त्यानं काळ्या चौकटीची पत्रिका छापून आपल्याच मताचं श्राद्ध घातलं. फोटोग्राफी ही कलाच नाही, इथवर तो पोचला होता. त्याच्या मागून आलेल्यांनी त्याचं ‘किंचित’ सोडलं आणि ‘सैल’ तेवढं उचललं.

त्याला उलट उत्तर कॅलिफोर्नियातून आलं. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि त्यांच्या काही सोबत्यांनी ग्रुप एफ ६४ काढला. नावातच भांडण होतं: एफ ६४ म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचं सगळ्यात बारीक अ‍ॅपर्चर, पुढच्या पानापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं धारदार. यातली कनिंगहॅम मला फार जवळची वाटते. विसाच्या दशकात तिची मुलं लहान होती, घर सोडून लांब जाणं जमत नव्हतं. म्हणून ती अंगणातल्या झाडांचे फोटो काढू लागली. मॅग्नोलियाचं फूल, घायपाताची पाती. घायपात आपल्याकडे वऱ्हाडात रेल्वेरुळांच्या कडेनं किती आहे, आणि त्याच्याकडे कोण पाहतं? तिच्या त्या फोटोंत घायपाताच्या पात्याची सावली शेजारच्या पात्यावर पडते आणि दोन्ही कडा सुरीसारख्या दिसतात. बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट हा शिक्षक तेव्हा रोपांची टोकं, कळ्या, वेलींचे आकडे कित्येक पट मोठे करून टिपत होता. १९२८ साली त्याचं पुस्तक आलं. त्याची पार्श्वभूमी मात्र सपाट पुठ्ठ्याची: झाड मुळासकट उचलून वर्गात आणल्यासारखं.

मोझरीत बसून मला यातली कुठलीच बाजू पुरी पटत नाही. सगळं धारदार ठेवलं तर निवडुंग दिसतच नाही. एका गड्ड्यात शेकडो काटे, मागे बाभळीचे काटे, बोरीचे काटे, पऱ्हाटीच्या काड्या. सगळ्यांना सारखा मान दिला की डोळा थकतो आणि परत फिरतो. पण एफ १.८ ला सगळं विरघळवलं तर त्याहून वाईट होतं. फडा सुंदर दिसतो, काट्यावर उजेड चमकतो, मागे हिरव्या-तपकिरी रंगाची साय. अशा फोटोखाली ‘अ‍ॅरिझोना’ लिहा, कुणी हरकत घेणार नाही. ‘मोझरी’ लिहिलं तर पुरावा कुठे?

पुरावा मागच्या धूसर भागात असतो, आणि तो जपता येतो. पुन्हा तोच पन्नासचा हिशेब. फडा साठ सेंटिमीटरवर, आणि मागे पाच मीटरवर फुटलेलं कापसाचं बोंड, पाचेक सेंटिमीटर रुंद. सेन्सरवर त्या बोंडाची प्रतिमा पडते अर्धा मिलिमीटर. एफ १.८ ला तिथला धूसरपणा दोन मिलिमीटरच्या वर पसरतो, म्हणजे बोंडाच्या चौपट. बोंड संपलं, उरला फक्त फिकट डाग. एफ ८ ला धूसरपणा अर्ध्या मिलिमीटरवर येतो, बोंडाएवढाच. बोंड सैल होतं, पण गोल पांढरं राहतं. रांगेनं अशी पन्नास बोंडं मागे आली की कुणाही वऱ्हाडी माणसाला सांगावं लागत नाही की ही पऱ्हाटी आहे. एवढ्यासाठी मी एफ ५.६ ते एफ ८ च्या मधे राहतो आणि उरलेली मेहनत जागा बदलण्यात घालतो. वीतभर डावीकडे सरकलं तर मागे विजेचा खांब येतो, वीतभर खाली बसलं तर तुरीचे शेंडे, थोडं वळलं तर दासटेकडीचा उतार. निवडक फोकस म्हणजे एक वस्तू निवडणं, असं समजलं जातं. प्रत्यक्षात दोन निवडाव्या लागतात, आणि दुसरीला जास्त वेळ लागतो.

हंगामाचं सांगायचं तर, कापूस फुटतो तो दिवाळीच्या आगेमागे. कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी, आश्विन वद्य पंचमीला, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. मोझरीत तेव्हा मोठा जनसमुदाय लोटतो आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. ती घटका कॅमेरा खाली ठेवण्याची. पण त्याच आठवड्यात, दुसऱ्या एखाद्या दिवशी, त्याच वेळेला वावरात जाऊन पाहावं. सूर्य मावळायला पाऊणेक तास उरलेला असतो, ऊन तिरपं आणि पावसाळा नुकताच सरल्यानं हवा धुतलेली. निवडुंग सूर्याच्या आणि आपल्या मधे घेतला की प्रत्येक काट्याला उजेडाची कड येते, अगदी त्या केसांसारख्या पुंजक्यांनाही. कॅमेऱ्याचं मीटर इथे फसतं. मागची काळी माती पाहून ते उजेड वाढवतं आणि काटे पांढरेफटक होतात; म्हणून एक पायरी कमी करावी.

फुलं हवी असतील तर मात्र उन्हाळाच सोसावा लागतो. पिवळी, रेशमी पाकळ्यांची, कधी नारिंगीकडे झुकणारी फुलं फड्याच्या वरच्या कडेला रांगेनं बसतात. त्यांचे पुंकेसर हात लावला की हळूच आत वळतात. मधमाशी शिरली की तेच होतं, आणि मॅक्रो लावून बसणाऱ्याला फोकस पुन्हा शोधावा लागतो. नवतपा लागायच्या आत हे काम उरकलेलं बरं. त्या दिवसांत सकाळी आठलाच ऊन डोक्यावर आल्यासारखं लागतं आणि सावल्या इतक्या काळ्या पडतात की फोकसनं करायचं काम उन्हानंच करून टाकलेलं असतं.

या गड्ड्यांवर आणखी एक गोष्ट दिसते, जिच्यासाठी मी मॅक्रो लेन्स बाळगतो. जुन्या फड्यांवर, डोळ्यांच्या आसपास, पांढरे मऊ पुंजके चिकटलेले असतात. लांबून वाटतं, शेजारच्या वावरातला कापूस उडून अडकला. कास्तकार पाहतो आणि म्हणतो, पिठ्या ढेकूण. तो फारसा चुकत नाही. कपाशीवर येणारा पिठ्या ढेकूण आणि हा किडा लांबचे भाऊबंद. दोघेही रस शोषणारे, दोघेही अंगावर मेणकट पांढरं आवरण घेणारे. पण हा पुंजका काडीनं चिरडला की गडद किरमिजी रंग फुटतो. हा कोचिनील.

आणि निवडुंग भारतात आला त्या गोष्टीत या किड्याचा वाटा मोठा आहे. मेक्सिकोतल्या लोकांनी हा किडा निवडुंगावर पाळला होता आणि त्यापासून असा लाल रंग काढला होता की स्पेननं त्यावर दीर्घकाळ मक्तेदारी राखली. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे लाल डगले याच रंगाचे. ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं, हा धंदा आपल्या हिंदुस्थानात का करू नये? मद्रासेत डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी सैदापेटला त्यासाठी निवडुंगाची बागच लावली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन रिओ द जानेरोहून किडे घेऊन कलकत्त्यात उतरला. किडे तगले, वाढले, पसरले. फक्त ते चांगल्या रंगाचे मेक्सिकन किडे नव्हते, हलक्या प्रतीच्या दुसऱ्याच जातीचे होते. रंगाचा धंदा बसला नाही. पण या किड्यांनी निवडुंगाच्या एका जातीचा असा फडशा पाडला की १८३६ च्या सुमारास ते मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडण्यात आले, तण मारण्यासाठी. किडा सोडून तण आटोक्यात आणण्याचा हा जगातला फार जुना दाखला मानला जातो. निवडुंगाच्या ज्या जाती त्या किड्याला दाद देत नव्हत्या, त्यांच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून दुसरा कोचिनील आणला गेला, आणि दख्खनच्या माळांवरचे निवडुंगाचे रान तेव्हा विरळ झाले. आज धुऱ्यावर जो गड्डा दिसतो तो त्यातून वाचलेल्यांपैकी.

आता कॅमेऱ्यातून पाहा. पुढे पांढरा पुंजका, मागे पांढरी बोंडं. एक किरमिजी रंगाचा, दुसरा सुताचा. कंपनीला दोन्ही हवे होते. एकात ती हरली, दुसऱ्यात वऱ्हाडचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एफ १.८ ला हे दोन पांढरे एकाच फोटोत कधीच येणार नाहीत.

मोबाइलवाल्यांसाठी दोन शब्द. मोबाइलचा सेन्सर इतका लहान की खरा धूसरपणा त्याला फारसा जमत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये तो हिशेबानं लावतो. माणसाच्या चेहऱ्यावर हे खपून जातं. निवडुंगावर नाही. काटा पुढचा की मागचा हे त्या हिशेबाला कळत नाही, मग अर्धा काटा स्पष्ट आणि अर्धा पुसलेला, फड्याच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखी रेघ. मोबाइलच वापरायचा असेल तर पोर्ट्रेट बंद करावा, फड्याच्या अगदी जवळ जावं आणि मागचं रान आपोआप जेवढं सैल होईल तेवढ्यावर भागवावं. तेवढ्यात मोझरी बरीच शिल्लक राहते.

हे गड्डे कमी होत चालले आहेत. ग्रामसफाईचा वारसा सांगणाऱ्या या मुलखात, जिथे तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा दोघांनीही गाव झाडायला शिकवलं, वाटेवरचा निवडुंग हा साप-विंचवांचा अड्डा म्हणून निघाला असेल तर त्यात नवल नाही, आणि माझी तक्रारही नाही. धुऱ्यावरचा निघतोय तो वेगळ्या कारणानं. रोही आणि रानडुकरं निवडुंगाला जुमानत नाहीत, म्हणून तारेचं कुंपण आणि झटका मशीन आली. तारेखाली झुडूप ठेवलं की ते तारेला टेकतं आणि झटका जमिनीत उतरतो, म्हणून धुरा साफ ठेवावा लागतो.

त्याच वेळी दुसरा कॅक्टस वावराच्या मधोमध येऊन बसलाय. ड्रॅगन फ्रूट हा कॅक्टसच. वेलीसारखा चढणारा, तीन धारांच्या खोडाचा. सांगली-सोलापूरकडे त्याच्या बागा बऱ्याच, विदर्भातही काही कास्तकारांनी लावल्यात; बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत त्यावर संशोधन चालतं. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारनं त्याला कमलम् म्हणायचं ठरवलं, पण बाजारात अजून ड्रॅगनच चालतं. सिमेंटच्या खांबावर गोल कडं, त्यावरून खाली झुकलेल्या फांद्या, अशी रांग. याची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मिटतात, वीतभर लांब, पांढरी. इथे निवडक फोकसचं गणित बदलतं, कारण मागे काळोख असतो आणि काळोख कितीही एफला काळोखच राहतो. मागचं शिवार आणायचं असेल तर पहाटे फूल मिटायच्या आधी, पूर्वेला उजळलं की पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढीच.

शेवटची सूचना कोरडी आहे. सुंदर फोटो काढून झाला की त्याच गड्ड्याचा एक साधा, सगळं स्पष्ट दिसणारा फोटो एफ ११ ला काढून ठेवावा: पूर्ण झुडूप, एक फडा समोरून, एका डोळ्यातले काटे मोजता येतील असा, आणि मिळालं तर फूल किंवा फळ. फड्या निवडुंगाच्या जाती काट्यांची संख्या, रंग, फड्याचा आकार आणि फुलांवरून ओळखल्या जातात. धूसर फोटोवरून कुणाही वनस्पतिशास्त्रज्ञाला ते जमणार नाही. सोबत तारीख, गाव, आणि धुरा कुणाच्या वावराचा नव्हे, तर कुठल्या पांदणीचा, एवढं लिहावं. मालकाला आधी विचारावं. तो बहुधा ‘काढा नं, पण काटा टोचन’ म्हणतो आणि कापूस वेचायला निघून जातो.